जुनिपर लावून चौदा महिने झाले

सदाहरित झुडूप, आकार आटोपशीर, निगा नाममात्र, असं ऐकून साधा जुनिपर आणला. चांगला गुडघाभर उंच होता. निगा नाममात्र हे खरं निघालं, पण ते मला पटायला तीन महिने लागले. तोवर मी कंपोस्ट घालत होतो, एक दिवसाआड पाणी देत होतो आणि आतल्या फांद्या तपकिरी पडताना पाहून आणखी पाणी देत होतो.

मग हा मुळात राहतो कुठे, ते वाचलं. सूचिपर्णी झाडांत इतका दूरवर पसरलेला दुसरा कोणी नाही: स्कॉटलंडचे माळ, इंग्लंडमधल्या चुनखडीच्या टेकड्या, आल्प्स, हिमालयाचे उंच उतार, पार कॅनडापर्यंत. माती आम्ल असो की चुनखडीची, त्याला चालते. ती निकस असली तरी बिघडत नाही. जागा मात्र उघडी हवी, ऊन भरपूर हवं आणि पाणी मुळाशी थांबता कामा नये. भोवती उंच झाडं वाढून सावली धरली की हा हळूहळू संपतो. म्हणजे मी लाड करून त्याला मारत होतो.

कुंडी बदलली, निम्मी जाड वाळू आणि खडी घातली, खत बंद. माती वरून कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही. दोनेक महिन्यांत फिकट हिरवे शेंडे आले. वाढ मात्र गोगलगायीची. घाई असलेल्याने या वाटेला जाऊ नये.

तक्रारी दोन. सुया तीन-तीनच्या झुबक्याने येतात, प्रत्येकीवर आतून एक पांढरा पट्टा. दिसायला देखण्या, पण टोचतात काट्यासारख्या. हातमोज्यांशिवाय तण काढायला गेलो, एकदाच. दुसरी तक्रार खरं तर माझ्याच कात्रीची. सुया नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत छाटलं की तिथून पुन्हा फुटत नाही. एका बाजूला पडलेलं भगदाड अजून तसंच आहे.

आणला होता तो फळांसाठी. जिनला वास देणारी ती निळी-काळी फळं म्हणजे खरं तर मांसल झालेले शंकू. हिरव्याचे निळे व्हायला दीड वर्ष किंवा जास्तही लागतं. तेवढं थांबायची माझी तयारी होती. पण यात नर-मादी झाडं वेगळी असतात, हे आणताना कोणी बोललं नाही. या वसंतात फांदीला धक्का लागला आणि पिवळी धूळ उडाली. आमचा नर निघाला.