चौथीच्या वर्गात वापरून बघितले: मुलांच्या मतलेखनाचे नमुने

मी नाशिकला चौथीला शिकवते आणि दरवर्षी एकच रडगाणं, मुलांना 'तुझं मत लिही' म्हटलं की गाईडमधला निबंध उतरतो. म्हणून यंदा अमेरिकेतल्या कॉमन कोअर या शालेय अभ्यासाच्या मानकांचं अपेंडिक्स सी, म्हणजे परिशिष्ट, डाउनलोड केलं, 2010 चं आहे, फुकट पीडीएफ. त्यात बालवाडीपासून बारावीपर्यंतच्या खऱ्या मुलांचं लेखन आहे, स्पेलिंगच्या चुकांसकट, आणि प्रत्येकाखाली त्या मुलाला काय काय जमलंय ते लिहिलंय. हे मला सगळ्यात जास्त आवडलं, कारण आपण वही तपासताना आधी ऱ्हस्व-दीर्घावर लाल पेन फिरवतो आणि पोराला म्हणायचंय काय ते राहूनच जातं.

चौथीच्या नमुन्यात एक मूल शाळेला पटवून सांगतंय की सहल प्राणीसंग्रहालयात न्या. मी तो सोप्या मराठीत करून वाचून दाखवला आणि एवढंच विचारलं, याने कारणं किती दिली? पोरं बोटांवर मोजायला लागली! मग म्हटलं आता तुम्ही लिहा, आपली सहल कुठे न्यायची.

एका मुलाचं आधीचं लेखन होतं 'मला सहल आवडते. सहल छान असते. सर्वांना आवडते.' बस. आता त्याने लिहिलं, 'नांदूरमध्यमेश्वरला न्यावे कारण तिथे थंडीत लांबून पक्शी येतात. शिवाय माझ्या भावाने दुर्बिणीतून पाहिले आणि मी नाही पाहिले.' पक्शी तसंच राहू दिलं त्या दिवशी. 'कारण' आणि 'शिवाय' हे दोन शब्द त्याने स्वतःहून वापरले होते, मला त्याचंच एवढं भारी वाटलं की स्टाफरूममध्ये सगळ्यांना कागद दाखवत फिरले.

उणिवा आहेत. सगळं इंग्रजीत, त्यामुळे भाषांतराला माझे दोन रविवार गेले. शिवाय मतलेखनाचे नमुने खूपच कमी, बाकी माहिती आणि गोष्टी. आणि एकाच इयत्तेचे कच्चा, मधला, चांगला असे तीन नमुने शेजारी शेजारी हवे होते, पोरांना फरक तिथे कळतो. ते नाहीत म्हणून मी आमच्याच वर्गातले कागद नावं झाकून झेरॉक्स केले, आणि खरं सांगू का, पोरं परक्या नमुन्यापेक्षा त्यावर जास्त बोलली. 'मॅडम यात कारणच नाहीये' असं मागच्या बाकावरून आलं, जी मुलगी एरवी तोंड उघडत नाही तिच्याकडून.

माझ्याकडून पाचपैकी चार. तिसरी-चौथीला शिकवत असाल तर नक्की डाउनलोड करून घ्या, पण आख्खी पीडीएफ प्रिंट करू नका, फार मोठी आहे, प्राथमिकची पानं पुरतात. आमचे मराठी कागद मी फाइलला लावून ठेवलेत, जूनमध्ये नवीन चौथी आली की पहिल्याच आठवड्यात तेच काढणार आहे.