कोंब फुटलेले कंद: कुंडीत लावायचे की फ्रिजमध्ये ठेवायचे?

दिवाळीच्या तोंडावर मागवलेले फुलझाडांचे कंद घरी येतात, खोकं उघडून बघावं तर भुशातून बोटाच्या पेराएवढे कोंब वर आलेले. ठाण्यातल्या ऑक्टोबरच्या उकाड्यात हे होणारच. मग घाई सुरू होते: आत्ताच लावावेत की थंडी पडेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवावेत? हातातला कंद कुठला आहे, त्यावर हे ठरतं.

ग्लॅडिओलस असेल तर विचार करत बसू नका, लावून टाका. त्याचा कोंब म्हणजे कंदाची झोप पुरी झाल्याची खूण. साधारण १० सेंटीमीटर खोल, टोक वर करून, भरपूर उन्हात. लागवडीपासून तीनेक महिन्यांत फुलांचा दांडा येतो, म्हणजे दिवाळीत लावलेला जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत फुलतो. आपल्याकडची थंडी त्याला मानवते. काठीचा आधार मात्र लावतानाच खोचून ठेवा. नंतर खोचली तर कंदालाच भोक पडतं.

गुलछडीही लावूनच टाकावी, पण ती धीराने घ्यायची गोष्ट. तिला ऊब लागते, थंडीत वाढ मंदावते, म्हणून डिसेंबरात नुसतं पात्यांचं झुबकं दिसलं तर उपटू नका. दिवसाला पाच-सहा तास ऊन नसेल तर मात्र तिचा नाद सोडा. आणि वासासाठी घेत असाल तर एकेरी पाकळ्यांचीच घ्या.

खरी अडचण ट्यूलिपची. थंड देशांत हिवाळ्याआधी ट्यूलिपची पानं वर आली तर माळी फारसे घाबरत नाहीत. पानांची टोकं थोडी करपतात, कळी कंदात खाली सुरक्षित असते. हा सल्ला वाचून आपल्याकडचे लोक निर्धास्त होतात आणि तिथेच फसतात. तिकडे पुढे कडाक्याची थंडी ठरलेली असते. ट्यूलिपला साधारण १२ ते १६ आठवडे ९ अंशांच्या खालचा गारवा मिळाला तरच दांडा नीट लांबतो. ठाण्यातल्या येऊरच्या डोंगरापायथ्याशी पहाटे कितीही हुडहुडी भरली, तरी जानेवारीतला आपला गारवा त्याच्या हिशेबात थंडीच नाही.

म्हणून आधी विक्रेत्याला विचारा, कंद थंड करून दिलाय का? दिला असेल आणि कोंब आला असेल तर एक दिवसही न थांबता लावा, सकाळचंच ऊन येईल अशा जागी. दिला नसेल, कोंब अगदी छोटा असेल आणि अंगठ्याने दाबल्यावर कंद कांद्यासारखा टणक लागत असेल, तर फ्रिज हा एकच मार्ग. भोकं पाडलेल्या कागदी पिशवीत, खालच्या कप्प्यात, फ्रीजरमध्ये नाही. त्या कप्प्यात फळं अजिबात नकोत. माझे आठ कंद मी सफरचंदांशेजारी ठेवले होते. फेब्रुवारीत पानं छान आली, कळी एकाही कुंडीत दिसेना. शेवटी एक कंद उभा चिरला. मधोमध पाकळ्यांचा इवलासा गाभा होता, तपकिरी पडून कागदासारखा सुकलेला. पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कळी आतच मरते, हे मला त्या दिवशी समजलं. फार वाईट वाटलं.

आणि हिशेबही मांडून बघा. ऑक्टोबरअखेर फ्रिजमध्ये गेलेला कंद जानेवारीच्या शेवटी बाहेर येणार, फुलायला त्यानंतरही काही आठवडे. तोवर दुपारी पारा ३० च्या वर. फूल येतं ते आखूड दांड्यावर, चार दिवसांत ते रात्री मिटायचं बंद होऊन पाकळ्या गळतात. पुढच्या वर्षी तोच कंद पुन्हा फुलेल ही आशा ठेवू नका. एवढं करून एक फूल बघायचंच असेल तर जरूर करा, तो आनंद खरा असतो. पण पहिल्यांदाच कंद लावणाऱ्याला मी ट्यूलिप सुचवणार नाही.

त्याला मी अमरिलिस सुचवेन, लाल-नारिंगी भोंग्यासारख्या मोठ्या फुलांचं. मूळ दक्षिण अमेरिकेतलं, त्याला बर्फाळ थंडी नको. कोंब आला तर कंदाची मान आणि वरचा अर्धा भाग मातीबाहेर ठेवून लावा, पाणी बेताचं. चपटं, गोल टोकाचं आलं तर ते पान. भाल्यासारखं टोकदार, जाडसर आलं तर कळी. नुसती पानं आली तरी वाया काहीच जात नाही, तीच कंदाला पोसतात. एक कंद वर्षानुवर्षं टिकतो, बाजूला पिल्लं धरतो, नेरूळच्या बहिणीला दोन देता येतात.

फ्रिजमध्ये जागा एकाच पिशवीची असेल तर ती ट्यूलिपला द्या. बाकीच्यांसाठी आजच माती भरा. आणि कुंडीला खाली भोक आहे ना, ते आधी बघून घ्या. कोंब फुटलेला कंद उन्हापेक्षा साचलेल्या पाण्याने लवकर कुजतो.