संग्रहित कॉमिक्सचे मुखपृष्ठ : जुने चित्र की नवे?

१९६४ ते १९९० या काळात निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधील वेताळाच्या (म्हणजे मुखवटाधारी नायक ‘फँटम’च्या) कथांचा ज्यांनी भुसावळ-जळगावात उन्हाळी सुट्टीत फडशा पाडला, त्यांना एकत्रित आवृत्तीवर जुन्याच अंकाचे मुखपृष्ठ हवे असते. ओळख चटकन पटते हे खरे. पण मूळ चित्र हाती नसल्याने छापील अंकच स्कॅन करून मोठा केला, तर चेहऱ्यांवर छपाईचे ठिपके उठून दिसतात, पिनांचा गंजही लपत नाही, शिवाय अनेक कथांच्या ग्रंथावर एकाच कथेचा प्रसंग मिरवतो. नव्या चित्रात दोन्ही बाजू व कणा (पुस्तक कपाटात उभे ठेवल्यावर दिसणारी कड) एकसंध आखता येतात आणि खंड शेजारी लावले की कण्यांवरचे चित्र जुळते (एखादा खंड कुणी वाचायला नेला की संपलेच). मात्र आतल्या शैलीशी मेळ नसेल, तर ग्राहकाला फसवल्यासारखे वाटते. तरीही माझा कौल नव्या चित्राला आहे. जुनी मुखपृष्ठे शेवटच्या पानांत, मूळ आकारातच छापावीत.