इडली, शेंगा चटणी आणि ७ विजय, ३३ पराभव

ह्या हॉटेलाला नकाशावर तारे देता येत नाहीत, कारण नकाशावर ते नाहीच. पाटीसुद्धा नाही. अशोक चौकातून आत वळलं की यंत्रमागांचा खडखडाट सुरू होतो. तो उजव्या कानाला ठेवून चालत राहायचं. पत्र्याचं शेड, चार बाकं, बाहेर निळा पाण्याचा ड्रम. आम्ही नुसतं ‘अण्णाकडं’ म्हणतो. सोलापुरात असे अण्णा गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे एवढ्या पत्त्यावर कुणी पोचलाच तर त्याचा चहा माझ्याकडून.

उघडतं सकाळी सहाला आणि अकराला पातेली धुऊन बंद. इडली, वडा, उप्पीट, सुशीला (भिजवलेल्या चिरमुऱ्यांची), चहा. बाकी काही नाही आणि मागूही नये. कारखान्यात हिशेब लिहायला होतो तेव्हा अक्कलकोट रोडला जाता जाता दोन इडल्या खाऊन जायचो. निवृत्त झालो तरी जाण्याची वेळ तीच राहिली, फक्त निमित्त बदललं. आता मी तिथं बेसबॉल बघायला जातो.

थोडं सांगावं लागेल. मुलगी डेन्व्हरला असते. २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तिच्याकडं राहिलो आणि नातीनं मला कोलोरॅडो रॉकीजच्या सामन्याला नेलं. जांभळी टोपी घातली, शेंगा तिथंही खायला मिळाल्या (सालासकट, आणि सालं पायाखाली टाकायची, त्याला कुणी काही म्हणत नाही), आणि मी त्या संघाचा झालो. त्या वर्षी ते १०३ सामने हरले. मला वाटलं माझा पायगुण. पुढच्या वर्षी मी सोलापुरात होतो, तरी १०१ हरले. तेव्हा जिवाला जरा बरं वाटलं.

डेन्व्हरला संध्याकाळी सामना सुरू होतो तेव्हा आपल्याकडं पहाटेचे पावणेसहा-सहा वाजलेले असतात. म्हणजे अण्णाची पहिली इडली आणि रॉकीजची पहिली इनिंग एकदमच निघते. चित्र दिसत नाही. लीगच्या ॲपमध्ये एक चौकोन येतो आणि पिचरनं टाकलेला प्रत्येक चेंडू त्यात ठिपका होऊन पडतो. लाल ठिपका म्हणजे स्ट्राइक (पिचरचा फायदा), हिरवा म्हणजे बाहेरून गेलेला. मोबाइल चटणीच्या डब्याला टेकवून चार माणसं ठिपके बघत बसतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, मटक्याचा आकडा चाललाय.

आता हॉटेलाबद्दल खरं बोलतो.

२०२५ च्या पाडव्याला अण्णाचा जुना आचारी गावी गेला तो आलाच नाही. अण्णा सांगतो, मुलानं बोलावून घेतलं; गल्ली सांगते, पगारावरून वाजलं. काही असो, इडली बिघडली नाही, कारण पीठ वहिनी घरी वाटतात. बिघडली ती शेंगा चटणी. सोलापुरात इडलीबरोबर नारळाची चटणी असते तशी शेंगाचीही असते, आणि अण्णाकडं लोक यायचे ते हिच्यासाठी. भाजलेल्या शेंगा, लसूण, जिरं, तिखट, मीठ, एवढंच. पण कुटायची. कुटून कुटून शेंगाचं तेल सुटलं पाहिजे, बोटाला लाल ओशट डाग राहिला पाहिजे. नवीन पोरानं मिक्सर लावला. मिक्सरमध्ये दाणा कापला जातो, चेचला जात नाही. तेल आतच राहतं आणि ताटलीत पडतो कोरडा कूट. घशाला लागतो, ठसका येतो, वर पाणी मागावं तर ड्रमजवळचा पेला असा की त्यापेक्षा ठसका बरा. (पेल्यांबद्दल मी तीन वेळा बोललो. अण्णा दर वेळी ‘होय साहेब’ म्हणाला.)

एप्रिलमध्ये गिऱ्हाईक गळायला लागलं. सातच्या सुमाराला जिथं उभं राहून खावं लागायचं तिथं मला आख्खं बाक मिळायला लागलं. रिक्षावाले आधी गेले. त्यांना घाई असते, ते वाट बघत नाहीत. मग पाळीवरून सुटणारे मागवाले गेले. राहिलो आम्ही: मी, खेळाचे निवृत्त मास्तर आणि टॉवेलवाला पोरगा. टॉवेलवाला म्हणजे बारा मागांचा मालक, वय तिशीचं, मुंबई इंडियन्सचा कट्टर. मास्तर चेन्नईचे. तेही ऋतुराजपायी, आपल्या महाराष्ट्राचा पोरगा कप्तान आहे म्हणून. कोपर मोडल्यानं तो एप्रिलमध्येच बाहेर गेला. चेन्नईनं पहिल्या १२ सामन्यांत ३ जिंकले. मास्तर तेव्हापासून उप्पिटावर आलेत, वडा सोडला.

एरवी हे दोघं माझ्या ठिपक्यांना हसायचे. पण ९ मेला आयपीएल आठवडाभर थांबवली, आणि दोघांच्या सकाळी रिकाम्या झाल्या. त्यामुळे रविवारी, ११ तारखेला, पहिल्यांदाच सगळं बाक रॉकीजचं झालं. आणि कोणता दिवस निवडला बघा! सॅन डिएगोनं आम्हाला २१-० हरवलं. एकवीस-शून्य. त्यांच्या एकाच पिचरनं, कोलेकनं, नऊच्या नऊ इनिंग टाकल्या. हल्ली असं कुणी करत नाही.

“काय बे हे, कबड्डीचा स्कोअर आहे का?” मास्तर स्वतःशीच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमेची सुट्टी. मोबाइल उघडला तर बातमी अशी की रात्री आम्ही ९-३ नं जिंकलो आणि त्यानंतर मॅनेजरला काढलं (तिकडं मुख्य कोचला मॅनेजर म्हणतात). बड ब्लॅक, २०१७ पासूनचा माणूस. पहिल्या दोन्ही वर्षी प्लेऑफला घेऊन गेलेला. तिसऱ्या बेसजवळ (बेस म्हणजे धावताना शिवायचा थांबा) उभा राहून हातवारे करणारा कोच वॉरन शेफर, त्याला हंगामी म्हणून बसवलं. हिशेब झाला ४० सामने, ७ विजय, ३३ पराभव.

“जिंकल्यावर काढलं?” अण्णा वडे तळता तळता तिथनंच ओरडला. “हे कुठलं न्याय हो साहेब?”

इथून पुढे दीड तास जे झालं त्यासाठी मी हे परीक्षण लिहितोय. चहा गार झाला, दुसरा सांगितला, तोही गार झाला.

टॉवेलवाल्याचं म्हणणं, अजून लवकर आहे. “काका, मुंबई २०१५ ला पहिले चार हरली आणि ट्रॉफी घेऊन गेली. औंदा पाचातले चार हरली, मग लगातार सहा मारले. सुरुवात बघून रडू नका.” मी म्हटलं, बाबा, तुमचे सामने चौदा, आमचे एकशे बासष्ट. तर तो आणखीच खुलला. मग तर वेळच वेळ आहे की! त्याला मीच दारूगोळा पुरवला. २०१९ साली वॉशिंग्टनचा संघ ५० सामन्यांनंतर १९-३१ होता आणि ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीज, म्हणजे त्यांची फायनल, जिंकला. आमचेच रॉकीज २००७ ला शेवटी असे सुटले की २२ पैकी २१ जिंकत वर्ल्ड सिरीजला पोचले. तिथं बोस्टनकडून चार-शून्य खाल्ला, तो भाग मी गाळला. त्या वेळचा मॅनेजर क्लिंट हर्डल, त्यालाच त्या एप्रिलमध्ये फलंदाजी शिकवायला परत आणून बसवलं होतं.

मास्तरांनी चष्मा पुसला. “१९-३१ आणि ७-३३ ह्यात काही फरक आहे का नाही? एक पोरगा गणितात नापास आहे, दुसरा शाळेतच येईना झालाय.”

हे मला पटलं, पण हिशेबनिसाला नुसतं पटून चालत नाही. पेपरच्या कडेला मांडलं. ह्याच चालीनं गेले तर १६२ मध्ये २८ विजय, १३४ पराभव. २०२४ साली शिकागो व्हाइट सॉक्स ४१-१२१ झाले, ते आधुनिक काळातले सगळ्यात जास्त पराभव. त्याहून जास्त हरायचं नसेल तर आम्हाला उरलेल्या १२२ पैकी ३४ जिंकले पाहिजेत. म्हणजे सातात दोन. तेव्हा सहात एक चालला होता. आणि १९८८ साली बाल्टिमोर पहिले २१ सामने लागोपाठ हरले होते, तरी वर्षाअखेर ५४ जिंकलेच. १०७ हरले, पण ५४ जिंकले. इतकं वाईट कुणी फार दिवस खेळू शकत नाही. वाईटपणालाही दम लागतो.

“म्हणजे तुम्ही म्हणायलाव की सुधारतील,” टॉवेलवाला.

“सुधारतील नाही म्हणत. एवढे हरायचे नाहीत, एवढंच.”

पैज लागली. १२२ किंवा जास्त हरले तर मी मास्तरांना आंब्याची पेटी द्यायची. निकाल सप्टेंबरात लागणार आणि सप्टेंबरात आंबा कुठला, हे पैज लावून झाल्यावर लक्षात आलं. पुढच्या मेवर ढकललं.

मग निघाला मालक. अण्णानंच विचारलं, मॅनेजरला काढलं, आचाऱ्याला काढलं, मालक काय करतो? मालक मॉन्फर्ट घराणं, मूळचे मांसाच्या धंद्यातले. नोलन अरेनाडोसारखा तिसऱ्या बेसचा हिरा त्यांनी २०२१ ला सेंट लुइसला देऊन टाकला आणि वर पैसेही दिले. पुढच्याच वर्षी ख्रिस ब्रायंटशी सात वर्षांचा १८ कोटी २० लाख डॉलरचा करार केला, तो बराचसा काळ दुखापतीनं बाहेर. आणि तरी मैदानात वर्षाला २० लाखांहून जास्त माणूस येतो! संध्याकाळची हवा छान, मागे डोंगर, वरच्या बाजूला समुद्रसपाटीपासून बरोब्बर एक मैल उंची दाखवणारी जांभळ्या खुर्च्यांची रांग. लोक खेळ बघायला येत नाहीत, बसायला येतात. तळाच्या संघाला खालच्या वर्गात उतरवायची पद्धत त्या लीगमध्ये नाही. मालकाला घाई कशाची?

अण्णा बराच वेळ बोलला नाही. त्याचं गिऱ्हाईक बसायला येत नाही, चटणीला येतं, आणि चटणी बिघडली की तिसऱ्या दिवशी कळतं. मी हे मोठ्यानं म्हणालो नाही. मास्तर म्हणाले. मास्तरांना पन्नास वर्षं पोरांना तोंडावर सांगायची सवय.

वातावरण जरा तंग झालं म्हणून मी हवेवर आलो. डेन्व्हरला हवा विरळ. चेंडू लांब जातो हे सगळे सांगतात, पण खरी गोची पिचरची असते. वळणारा चेंडू हवेला धरून वळतो. हवाच कमी, तर तो सरळ येतो आणि बॅटवाला त्याला डोंगरापार पाठवतो. शिवाय कोरड्या हवेत चेंडू सुकून टणक होतो, म्हणून २००२ पासून ते चेंडू ओलसर हवेच्या खास खोलीत ठेवतात.

“सुताला ओल धरतो तसं!” टॉवेलवाला एकदम म्हणाला. “मे महिन्यात शेडमध्ये पाणी मारलं नाही तर सूत तटातट तुटतंय. चेंडूलाबी तेच की.” दोन वर्षं मी नातीकडून ही गोष्ट समजून घेत होतो, आणि ती नीट कळली ती अशोक चौकाच्या गल्लीत, बारा मागांच्या मालकाकडून.

तर आता शेरा. चहा १० रुपये, चांगला, आलं खरं असतं. इडली उत्तम. वडा सातच्या आत खा, नंतर तेल दमतं. सुशीला फक्त रविवारी, आणि चिरमुरे भिजवण्यात पोराचा हात बरा आहे, जुन्यापेक्षा बरा. हे मास्तरांनीही कबूल केलं. पेले: स्वतःची बाटली न्या. मे महिन्यात नऊनंतर पत्र्याखाली बसू नका. आणि चार जण एका चहावर दीड तास बसले तरी अण्णा उठा म्हणत नाही, फडकं मारायच्या निमित्तानं मोबाइलमध्ये डोकावतो.

चटणीचं सांगायचं राहिलं. सोमवारी आम्ही उठताना पोरगं मागच्या बाजूला बसलेलं दिसलं. पुढ्यात लोखंडी खलबत्ता, बहुतेक वहिनींचा. दोन घाव घालायचं, थांबायचं, आत बघायचं. अजून तेल सुटलेलं नव्हतं. अण्णा त्याच्याकडं न बघता म्हणाला, “साहेब, उद्या किती वाजता?”

टेक्सासात होता सामना, आपल्या घड्याळात ५:३५.

“मी साडेपाचला उघडतो,” अण्णा म्हणाला.