चारकोपची 25 मीटरची रूम: आधी नळ, मग भिंती

कांदिवलीच्या चारकोपमध्ये म्हाडाच्या प्लॉटवरची रूम घ्यावी का, असं मला बरेच जण विचारतात. मी तिथेच वाढलो आणि आज कांदिवली-मालाडमध्ये प्लंबिंगची कामं घेतो, म्हणून असेल. माझं उत्तर: परवडत असेल तर नक्की घ्या. पाचपैकी साडेचार गुण, आणि त्यातले बहुतेक जमिनीखालच्या कामाला.

गिरणीच्या पगारावर वडिलांनी इथे जे घेतलं ते घर नव्हतंच. आखलेला 25 चौरस मीटरचा तुकडा, पाण्याची लाइन, मैल्याची लाइन, समोर रस्ता, बस्स. पहिली काही वर्षं डोक्यावर पत्रे होते. मग विटांचं काम झालं. दादा नोकरीला लागला तेव्हा माळ्याच्या जागी स्लॅब टाकला, वर खोली चढली. पैसे येतील तसं घर वाढलं, पण पाणी आणि संडास यांसाठी आईला एक दिवसही रांगेत उभं राहावं लागलं नाही. त्याआधी चाळीत तिने काय काढलं हे मला माहीत आहे, म्हणून हे मला फार मोठं वाटतं.

हे जमलं कसं, तेही सांगायला हवं. 1985 मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला. मुंबईत चारकोप, गोराई, मालवणीचं काम म्हाडाकडे होतं, नवी मुंबईतलं सिडकोकडे. खाडीलगतच्या सखल जमिनीवर आधी भराव, रस्ते, गटारं, पाणी. सगळेच प्लॉट लहान नव्हते. मोठे प्लॉट आणि दुकानांच्या जागा चढ्या भावाने विकायच्या आणि त्या पैशातून लहान प्लॉटवाल्यांचा भार हलका करायचा, असा हिशेब होता. आमच्या नळाचे काही पैसे रस्त्यालगतच्या दुकानदाराने भरले, असं म्हटलं तरी चालेल. घरं सोसायटी करून मधल्या चौकाभोवती बसवली. आमच्या चौकात गणपती बसतो, लग्नाचा मांडव पडतो, दुपारी पापड वाळतात.

आता उलट बाजू बघा. माझ्या मावसबहिणीने विरारपलीकडे एका 'परवडणाऱ्या' योजनेत फ्लॅट घेतला. फ्लॅटमध्ये खोट नाही. टाइल्सची लेव्हल सरळ, फिटिंग चांगल्या प्रतीची, मी स्वतः तपासलंय. पण इमारतीला मिळणारं पाणी टँकरचं, आणि टँकरची वर्गणी मेंटेनन्सच्या वर जाते. हप्ता परवडला, पाणी परवडत नाही. अशा घराला स्वस्त कसं म्हणायचं?

सरकारी मदत आहे, नाही असं नाही. पंतप्रधान आवास योजनेतल्या भागीदारी प्रकल्पात (सरकार आणि बिल्डर मिळून बांधतात ती घरं) केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळत आले. 2019 पासून बांधकाम चालू असलेल्या परवडणाऱ्या घरावर जीएसटी 1 टक्का आहे. पण ही मदत दाराच्या आतच संपते. गेटबाहेरच्या जलवाहिनीचं काय? विरारजवळ बोळींजला म्हाडाची हजारो घरं वर्षानुवर्षं पडून होती, आणि पाणी हे त्याचं एक मोठं कारण होतं. सूर्या पाणीपुरवठा योजनेचं पाणी वसई-विरारला येऊ लागलं तेव्हा तिथे ग्राहक वळायला लागला. ती योजना एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, उभी केली: दिवसाला 403 दशलक्ष लिटर, त्यातलं 185 वसई-विरारचं, 218 मीरा-भाईंदरचं. हे काम इमारतींच्या आधी झालं असतं तर किती कुटुंबांची वर्षं वाचली असती!

परवानगी देताना बिल्डरकडून विकास शुल्क आणि प्रीमियम घेतलेच जातात. माझी मागणी एवढीच आहे की ते पैसे त्या वस्तीच्या लाइनवर आणि रस्त्यावर आधी पडावेत, आणि कुठे पडले हे महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, वेबसाइटवर ग्राहकाला दिसावं.

अर्धा गुण कशाला कापला? मैल्याच्या लाइन बुटक्या घरांच्या हिशेबाने टाकलेल्या. आता वर मजले चढलेत, प्रत्येक मजल्यावर भाडेकरू आहे. जुलैत भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला की मैल्याचं पाणी चेंबरमधून उलटं वर येतं. चौकात बाइक्सची गर्दी झाली आहे. आणि भाव! 2022 मध्ये जवळच्या डहाणूकरवाडीला मेट्रो 2अ आली, तेव्हापासून गिरणीवाल्याच्या नातवाला इथे शिरणं अवघड झालंय. ज्यांच्यासाठी हे वसवलं त्यांच्यासाठी असं दुसरं चारकोप पुन्हा काढलं गेलं नाही, याची मला मनापासून खंत आहे.

घेणार असाल तर आधी सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि म्हाडाकडची हस्तांतराची नोंद एकाच नावावर आहे का ते बघा. नुसत्या पॉवर ऑफ अटर्नीवर पैसे देऊ नका. मग पाण्याच्या वेळेला जा, वरच्या मजल्याचा पंप चालू असतानाच तळमजल्याचा नळ सोडून बघा. चेंबरचं झाकण उचलायला लावा. जमलं तर हे सगळं पावसाळ्यात करा, आणि शेजारच्या बाईंना विचारा की गेल्या जुलैत पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं का.