सिंगापूर–न्यूयॉर्क नॉनस्टॉप: आईवडिलांना घेऊन जायचं तर हीच घ्या

सिंगापूरला राहणाऱ्या आपल्या बऱ्याच लोकांची मुलं नाहीतर भावंडं न्यूजर्सीकडे असतात, त्यामुळे हा प्रश्न सारखा येतो की सिंगापूर एअरलाइन्सची ही जगातली सगळ्यात लांब फ्लाइट झेपते का. मी आईला घेऊन गेले होते, तिचे गुडघे दुखतात, तर माझं उत्तर आहे की हो, आरामात झेपते.

अंतर साधारण १५,३०० किमी. नेटवर कुठल्याही कॅल्क्युलेटरला टाकलं तर ताशी ९०० धरून १७ तास दाखवतो, त्यावर जाऊ नका!! तो सगळ्यात जवळचा रस्ता जवळजवळ उत्तर ध्रुवावरून जातो आणि विमान मात्र जाताना बहुतेक वेळा पॅसिफिकवरून, मागून वारा मिळतो म्हणून लांबचा रस्ता धरतं, म्हणजे किमी वाढतात, आणि टॅक्सीइंगचा (विमान धावपट्टीपर्यंत जमिनीवरून जातं-येतं तो) वेळ वेगळाच, सगळं मिळून साडेअठरा-एकोणीस तास धरा. तिकिटावर छापलेली वेळ बघायची, किमी नाही.

विमान एअरबस ए३५०-९००यूएलआर, सीट फक्त १६१, बिझनेस ६७ आणि प्रीमियम इकॉनॉमी ९४. साधी इकॉनॉमी नाहीच, त्यामुळे तिकीट महाग पडतं हे आधीच धरून चला. पण केबिन मोकळी वाटते, आणि आतला हवेचा दाब ६,००० फूट उंचीवर असतो तेवढा ठेवतात (जुन्या विमानांत हवा ८,००० फुटांवर असते तेवढी विरळ होते), आई उतरली तेव्हा तिचं डोकं जड नव्हतं, एरवी हमखास असतं.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. प्रीमियम इकॉनॉमीत अगदी मागे विमान निमुळतं होतं तिथे तीन रांगांत खिडकीशी एकेकटी सीट आहे. शेजारी कोणी नाही, खिडकीकडच्या बाजूला सामान ठेवायला कप्पा, रात्री उठताना कोणाला सॉरी म्हणायला नको. अशा सीट सहाच, पटकन जातात. आईला तिथे बसवलं आणि मी पलीकडे आइलच्या सीटवर, दर दोन तासांनी तिला उठवून मागच्या पँट्रीपर्यंत चालवत होते. लांब प्रवासात पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती असते, त्यामुळे चालणं आणि पाणी पिणं यात आळस नको, डॉक्टरांना विचारून पाय आवळून धरणारे स्टॉकिंग्ज पण घ्या.

फ्रँकफर्टवरून त्यांचीच दुसरी फ्लाइट आहे पण तिला चोवीस तासांच्या आसपास लागतात, आणि मध्ये उतरा, परत चढा. वय झालेल्या माणसाला ते नकोच.

पुणे-मुंबईच्या लोकांनी मात्र या नावाला भुलून सिंगापूरमार्गे तिकीट काढू नये. मुंबई–न्यूयॉर्क थेट साडेबारा हजार किमी आहे, आणि सिंगापूर म्हणजे आधी पाचेक तास उलट्या दिशेला जाणं.