मौन शिबिर: प्रार्थनेला उसंत देणारे आठ दिवस

जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेल्या आणि १५४८ साली पोपची मान्यता मिळालेल्या तीस दिवसांच्या साधनाक्रमाचे हे आठ दिवसांत बसवलेले रूप, ख्रिस्ती श्रद्धेत मनःशांती शोधणाऱ्यांना निःसंकोच सुचवावे असे आहे. शुभवर्तमानातील (बायबलमधील येशूच्या चरित्रातील) एकच प्रसंग, उदाहरणार्थ आंधळ्या बार्तीमयाने गर्दीतून येशूला मारलेली हाक, तासभर मनासमोर ठेवून त्या गर्दीत आपण कुठे उभे आहोत हे पाहायचे, एवढीच पद्धत. पण ‘तुला काय हवे आहे?’ हा येशूने त्याला केलेला प्रश्न तेव्हा थेट आपल्यालाच विचारल्यासारखा वाटतो. मार्गदर्शक ऐकून घेतात, उपदेश करत नाहीत (हे दुर्मीळच). रात्रीचे आत्मपरीक्षण मात्र घाईत उरकले जाते, आणि मोबाइल जमा करण्याची सक्ती नसल्याने मौन अधूनमधून मोडते.